रंगाऱ्याच्या सैल शर्टाची समुद्रसफर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला पटणार नाही, पण मी मोठ्या जहाजातून समुद्र पाहून आलेला एक जुना शर्ट आहे. माझा मूळ रंग आकाशी. आता धुऊन धुऊन तो इतका फिका झाला आहे, की आकाशी म्हणावं तर पांढरा वाटतो आणि पांढरा म्हणावं तर आकाशी. कॉलरची कड झिजली आहे. खाली उजव्या टोकाला हिरव्या ऑइलपेंटचा वाटाण्याएवढा ठिपका आहे. त्याला डाग म्हणू नका. माझा धनी घरं रंगवतो, त्या कामाची ती खूण आहे.

माझा जन्म कटपीसच्या ढिगातून झाला. माझ्या धन्याच्या ताईने तेव्हा नुकतंच शिवणयंत्र शिकायला घेतलं होतं. अंगाला नेमकं बसेल असं बेतणं तिला अजून जमत नव्हतं. म्हणून तिने खांद्याला, बगलेला, पोटाला, जिथे शंका आली तिथे कापड वाढवून ठेवलं. "सैल झाला तर भाऊ जाड होईल. घट्ट झाला तर मी काय करू?" असा तिचा सरळ हिशेब होता. बाह्या अर्ध्या ठेवल्या, कारण पूर्ण बाह्यांचे कफ तिला अजून शिकवलेच नव्हते. अशा रीतीने मी तयार झालो. घातल्यावर माझ्यात आणखी एक माणूस मावला असता.

पण भर उन्हाळ्यात परांचीवर उभं राहून भिंती रंगवणाऱ्या माणसाला असाच शर्ट लागतो. वारा एका बाहीतून आत शिरायचा, पाठीवरून फिरायचा आणि दुसऱ्या बाहीतून निघून जायचा. घाम आला की मी तो शोषून घ्यायचो आणि धन्याचं पाणी पिऊन होईपर्यंत वाळूनही जायचो. त्याच्या जोडीचे रंगारी चिकटणाऱ्या चकचकीत शर्टांत उकडून निघायचे आणि म्हणायचे, "तुझ्या ताईला सांग, आम्हालाही असंच चुकीचं शिवून दे." हे ऐकून माझी कॉलर ताठ व्हायची.

पुढे माझ्या धन्याचं लग्न झालं आणि माझे दिवस फिरले. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती, स्वभावाने लाख माणूस. अडचण होती ती तिच्या वडिलांची. ते शिंपी होते आणि सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. कोट शिवावा तर मास्तरांनीच, अशी त्यांची ख्याती होती. माणूस भेटला की ते आधी त्याचा खांदा बघत, मग तोंड. पहिल्याच भेटीत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलीला हळूच विचारलं, "हा शर्ट आहे की उशीचा अभ्रा?"

त्यानंतर मास्तर येणार असले की मला कपाटाच्या तळाशी दडवलं जायचं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तसं झालं होतं. खरं सांगायचं तर मास्तरांना नावडता एकटा मीच नव्हतो. जावईसुद्धा त्यांना ढगळच वाटायचा. मास्तर त्याला 'अहो जावईबापू' म्हणायचे, त्याची विचारपूस करायचे, पण गप्पा कधी मारल्या नाहीत.

मग मास्तरांच्या पत्नी गेल्या. मास्तरांनी दुकान बंद केलं, यंत्रावर चादर टाकली आणि सुईला हात लावायचं सोडून दिलं. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. अंगात मात्र कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मुलगी काळजीने झुरत होती. शेवटी तिने उन्हाच्या देशांतल्या बेटांना जाणाऱ्या एका जहाजावर दोन जागा ठरवल्या, वडिलांची आणि स्वतःची. निघायच्या तोंडावर दवाखान्यात तापाची साथ आली आणि तिची रजा रद्द झाली.

"तू जा बाबांबरोबर," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी? आम्ही दोघं बोलणार काय?"

"नका बोलू. समुद्र बघा."

सामान भरताना तिने वडिलांना परोपरीने समजावलं, की जहाजावर ऊन डोक्यावर येतं, कपडे सुती हवेत, सैल हवेत, फिकट रंगाचे हवेत, टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी हवी, नाहीतर वाऱ्याने जाईल. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेटीत दोन कोट, ताठ शर्ट आणि चामडी बूट भरले. "माणूस सुट्टीवर गेला म्हणून त्याची इस्त्री सुट्टीवर जात नाही," ते म्हणाले. इकडे माझ्या धन्याने मला कपाटाच्या तळातून उपसून काढलं आणि आपल्या पिशवीत कोंबलं. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

बंदरावर सगळ्यांचं सामान आधीच ताब्यात घेतलं गेलं, ते नंतर खोलीत पोचणार होतं. आमची पिशवी पोचली. मास्तरांची पेटी मात्र शेजारी लागलेल्या दुसऱ्याच जहाजावर चढली. खोलीचं काम बघणारा माणूस फार ओशाळला. पुढच्या कुठल्यातरी बंदरात ती पेटी नक्की गाठ घेईल, एवढंच तो सांगू शकला. मास्तरांकडे उरले फक्त अंगावरचे कपडे, म्हणजे काळी पँट, ताठ शर्ट, काळा कोट आणि टाय.

"बाबा, माझे शर्ट आहेत," धनी म्हणाला.

मास्तरांनी खुंटीवर लटकलेल्या माझ्याकडे पाहिलं. "राहू द्या जावईबापू. माझी सोय होईल."

दुसऱ्या दिवशी जहाज एका बेटाला लागलं. लोक किती सुटसुटीत उतरले म्हणून सांगू. कुणी गुडघ्यापर्यंतच्या पँटमध्ये, कुणी पातळ झग्यात, पायांत पट्ट्यांच्या चपला. त्यांच्यामध्ये मास्तर काळ्या कोटात. दगडी गल्ल्या वर वर चढत होत्या. भिंती चुन्याने पांढऱ्याफेक होत्या, त्यांच्यावरून ऊन उलटून तोंडावर येत होतं. मी धन्याच्या अंगावर होतो आणि मजेत होतो. मास्तरांचा चेहरा मात्र आधी लाल झाला, मग त्याचा रंगच उतरला. एका पायरीवर त्यांनी भिंत धरली आणि ते मटकन खाली बसले.

"बाबा?"

"काही नाही. जरा... अंधारल्यासारखं होतंय."

माझा धनी क्षणभरही थांबला नाही. त्याने त्यांना उचलून एका दाराच्या सावलीत नेलं. टाय सोडला, कोट काढला, गळ्याची बटणं उघडली. मग मला अंगातून काढलं, कोपऱ्यावरच्या नळाखाली धरून चिंब भिजवलं आणि मास्तरांच्या डोक्यावर, मानेवर ठेवलं. त्यांची कातडी तव्यासारखी तापली होती. मी होतं नव्हतं तेवढं पाणी त्यांना दिलं. धनी मला पुन्हा भिजवायचा, पुन्हा ठेवायचा. घरातल्या एका बाईने गार पाण्याचा तांब्या आणून दिला. तो घोट घोट पाजला. बऱ्याच वेळाने मास्तरांनी डोळे नीट उघडले.

समोर जावई नुसत्या बनियनवर उभा होता आणि येणारेजाणारे त्याच्याकडे बघत होते.

"लोक बघतायत तुमच्याकडे," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"बघू देत. तुम्ही बघायला लागलात ना, बास झालं."

त्याने मास्तरांचा ताठ शर्ट उतरवला आणि मलाच ओलंचिंब त्यांच्या अंगात चढवलं. जावयाच्या खांद्यावर हात टाकून ते सावली सावलीने जहाजाकडे परतले. जहाजावरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं आणि बजावलं, की या हवेत कोट घालणं म्हणजे स्वतःला कुकरमध्ये कोंडून घेणं आहे.

सकाळी धनी जागा झाला तेव्हा खुंटी रिकामी होती. मास्तर मला घालून डेकवर रेलिंगपाशी उभे होते. वारा नेहमीसारखा एका बाहीतून शिरत होता आणि दुसरीतून जात होता. माझी पाठ शिडासारखी फुगली होती. धनी चहा घेऊन शेजारी जाऊन उभा राहिला.

"हवा खेळते हो याच्यात," मास्तर समुद्राकडे बघत म्हणाले. त्यांनी माझ्या बाहीची कड चाचपली. "पोरीची आई नेहमी म्हणायची, स्वतःसाठी एकदा तरी काहीतरी सैल शिवा. मी म्हणायचो, बेतता येत नाही त्यांनी सैल शिवावं."

"माझ्या ताईला खरंच बेतता येत नव्हतं तेव्हा."

मास्तर हसले. मी त्यांच्या छातीवर होतो, म्हणून सांगतो, ते हसू आतून आलं होतं.

त्या दिवसापासून दोघांत मिळून धन्याचे शर्ट चालू लागले. एक अंगावर, एक न्हाणीघरातल्या दोरीवर. संध्याकाळी जेवणाच्या दालनात बनियनवर प्रवेश नव्हता, पण कॉलरवाला स्वच्छ शर्ट चालायचा. झिजलेली का असेना, कॉलर मला होतीच. मास्तर पानावर बसण्याआधी मला तळहाताने सारखं करायचे, बस, तेवढीच इस्त्री.

मग एका दुपारी घात झाला. डेकवरच्या खुर्चीच्या कडीत माझा खिसा अडकला आणि टर्रकन फाटला. धनी म्हणाला, "जाऊ दे, जुनाच आहे. घरी गेल्यावर पुसायला होईल." मित्रांनो, माझ्या काळजात धस्स झालं. फडक्यांच्या डब्यात गेलेला शर्ट परत येत नाही.

मास्तरांनी फाटलेली कड दोन बोटांत धरली आणि उलटसुलट करून पाहिली. "कापड चांगलं आहे," ते म्हणाले. "सुईदोरा मिळतो का बघा."

खोलीच्या माणसाने सुईदोऱ्याची एक चिमुकली डबी आणून दिली. मास्तर खिडकीच्या उजेडात बसले. त्यांनी दोरा ओठांनी ओला केला, पीळ दिला, सुईच्या नाकाशी नेला. दोरा हुकला. पुन्हा नेला, पुन्हा हुकला. त्यांचे हात मांडीवर आले.

"चष्म्यातूनही सुईचं नाक दिसत नाही आता," ते म्हणाले. "बरीच वर्षं दिसत नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती सगळ्या सुयांत दोरे ओवून ठेवायची. गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही. आणि ती गेल्यावर..."

यंत्रावर ती चादर का पडली होती, ते माझ्या धन्याला तेव्हा समजलं. तो जवळ बसला. खिडक्यांच्या चौकटींवर केसासारखी बारीक रेघ ओढणारा त्याचा हात. त्याने सुई घेतली, दोरा एका फटक्यात ओवला, गाठ मारली आणि सुई मास्तरांच्या बोटांत दिली.

मग मी जे अनुभवलं ते कुठल्या शर्टाच्या नशिबी येत नाही. आयुष्यभर कोट शिवलेला हात माझ्या खिशावर फिरला. टाका एवढा बारीक, की पावसाची भुरभुर अंगावरून जावी तसा तो गेला. दोरा संपला की मास्तर हात पुढे करायचे आणि जावई ओवलेली दुसरी सुई ठेवायचा. शेवटी मास्तरांनी दोरा दातांनी तोडला आणि मला उजेडात धरलं.

"घे रे," ते म्हणाले. "घाल."

'अहो' नाही, 'जावईबापू' नाही. धन्याने मला घातलं आणि उगाचच बराच वेळ बटणं लावत राहिला.

मास्तरांची पेटी शेवटच्या बंदरात सापडली. त्यांनी ती उघडली, आतून फक्त आपला चष्म्याचा रुमाल काढला आणि पुन्हा बंद केली.

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. एवढंच सांगतो, उन्हात कुठे निघालात तर आरशाला काय आवडेल हे नंतर विचारा, आधी अंगाला विचारा. सुती कपड्याला सावलीत वाळवा, करकचून पिळू नका. आणि एखादा कपडा फाटला तर फडक्यांच्या डब्याकडे जाण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. पुष्कळदा कापड चांगलं असतं, फक्त कुणीतरी जवळ बसायला हवं असतं.

मास्तरांच्या यंत्रावर आता चादर नाही. ते ऐटदार कोटही शिवतात आणि सैल शर्टही. माझा धनी दर सुट्टीला सकाळीच मला घालून त्यांच्याकडे जातो. चहा होतो, गप्पा होतात, कधी वादही होतो. निघण्याआधी तो खिडकीशी बसतो आणि आठवडाभर पुरतील एवढ्या सुयांत दोरे ओवून ठेवतो, पांढरे, काळे, आकाशी.