सैल पट्टा

ताईने बाबांचा रेकॉर्ड प्लेअर माझ्या कामाच्या टेबलावर ठेवला. "नीट कर," ती म्हणाली, "मला ती गिटारची रेकॉर्ड ऐकायचीय. बाबा गेल्यापासून ऐकलीच नाही."

मी तीस वर्षं हीच यंत्रं दुरुस्त करतोय, पण बाबांनी त्यांच्या यंत्राला मला कधी हात लावू दिला नाही. शिंपी माणूस, विश्वास फक्त शिलाई मशीनवर. म्हणून आता हौसेने कामाला लागलो. मोटर साफ केली, सुई बदलली. सैल पडलेला रबरी पट्टा काढताना तुटला, तो कचऱ्यात टाकून नवा चढवला.

रेकॉर्ड जुन्या जॅझची. गिटार, बास आणि ड्रमवर हलकेच फिरणारे ब्रश, बस्स. सुट्टीच्या सकाळी बाबा ती लावून शर्टांना काजं करायचे. आम्ही टाके भराभर ओढले की म्हणायचे, "ऐका त्या माणसाला. एक सूर लावतो, थांबतो, मग दुसरा. तुमच्याच मागे काय वाघ लागलाय?" आम्ही भावंडं त्या गिटारवाल्याच्या धाकात वाढलो.

मी सुई टेकवली. गिटारवाला सुसाट सुटला.

"हा तो नाही," ताई म्हणाली.

"रेकॉर्ड तीच आहे गं."

"मग निघालाय कुठे एवढ्या घाईनं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा गडी कधी संथ नव्हताच. पट्टा सैल होता, म्हणून यंत्र हळू फिरायचं, आणि बाबा त्या पट्ट्याचं कौतुक करून आम्हाला जन्मभर बोलणी खायला लावत होते! मला हसू आवरेना. ताईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"मला बाबांचा तो हवाय रे," ती म्हणाली.

खरं सांगतो, तो माणूस अफलातून वाजवत होता. दोन तारांवर एकच सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात एकदम धरून असा पळत होता, की एकही पाऊल चुकत नव्हतं. एरवी मी दिवसभर ऐकलं असतं. पण मलाही बाबा हवे होते.

मोटरचा स्क्रू पिळून वेग कमी झाला असता, पण तो जुना पट्टा मधेच आणखी ढिला पडायचा आणि सूर किंचित लवायचा. ते कुठल्या स्क्रूला जमणार? मी फिरत्या थाळीच्या कडेला बोट टेकवलं. गिटार खाली आली, जड झाली, थांबून विचार करू लागली. मला पाठ असलेल्या जागी मी बोट जरा जास्त दाबलं.

ताईने डोळे मिटले. मांडीवर तिची बोटं काज घालू लागली.

एक बाजू वीस मिनिटांची. पाचव्या मिनिटाला बोट भाजायला लागलं. दुसरं लावलं.

"दमलास का रे?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मला कसली घाई आहे?"