विजानंद महाराजांची न संपणारी बॅटरी

सरका पुढं, मांडी घालून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज खोट्या चमत्काराची गोष्ट सांगतो.

दोन हजार सात सालचा उन्हाळा. कुरुंद्यात बारा-बारा तास लाईट नाही. अशात मंडपात विजानंद महाराजांचा लॅपटॉप चौरंगावर, हार घालून, वायरीशिवाय चालू! पडद्यावर हिरवा आकडा : शंभर टक्के.

"बघा भक्तहो! दीड तास झाला, बॅटरी शंभरची शंभर! हा हात यंत्र भरतो, तो देह भरणार न्हाई? कुणीबी तपासा!"

जयजयकार झाला. जीपवाल्या संतरामला क्षय होता. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकला थांबलेला. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "तूबी शंभर टक्के!" झालं, गोळ्या बंद.

"अवो, डाक्टरनं सहा महिने सांगितलेत. काहून सोडून राहिले?" बायको शकुबाई रडकुंडीला आली.

"गप! मशीन खोटं बोलतं व्हय?"

शकुबाईनं वसमतला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या भाचीला, राधिकाला, बोलावलं. राधिकानं दर्शनाच्या रांगेतून लॅपटॉप न्याहाळला आणि माझ्यापाशी आली.

"काका, हे विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतंय. कारखान्यातून आत भरून आलेल्या सूचना, म्हणजे फर्मवेअर, सदोष असलं की बॅटरीचा आकडा एका जागी अडकतो. यांचं प्रवचन किती वेळ चालतं?"

"बराबर दीड तास," म्हणालो आणि मीच चमकलो. जन्मभर कीर्तनं ऐकली. रंगात आलेला बुवा कधी घड्याळ बघतो का? म्हणजे बॅटरी संपायच्या आतच हा रोज उठत होता.

दुसऱ्या दिवशी राधिका चौरंगाशेजारीच बसली. "तपासा म्हणालात ना, महाराज?" तिनं पडद्यावर हुकूम लिहायची काळी चौकट उघडून दोन ओळी टाइप केल्या. "शिल्लक शंभर टक्के. व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, बारा." तासाभरानं पुन्हा पाहिलं. "शिल्लक शंभर टक्केच. पण व्होल्टेज अकराच्या खाली. बॅटरी खरंच भरलेली असती तर दाब असा उतरला नसता."

महाराजांनी घाईनं आरतीचं ताट मागवलं. मी उठून हात जोडले, "महाराज, एवढ्यात उठू नका. एक अभंग होऊ द्या!"

"होऊ द्या!" मंडप गरजला. कीर्तनाची भुकेली माणसं ती. एकाचे चार अभंग झाले. महाराजांना घाम फुटला. पाचव्याला लॅपटॉप भप्पकन काळा पडला. शेवटपर्यंत आकडा शंभरच होता!

"कुणीतरी नास्तिक बसलाय!" महाराज ओरडले.

पहिल्या रांगेतल्या नर्मदाबाई ठसक्यात म्हणाल्या, "समोर तर मीच हाय, जन्मभर एकादशी धरलेली. मला बघून इझला का रं?"

पोरांनी महाराजांची गाडी उघडली. आत गाडीच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर. रोज प्रवचनाआधी लॅपटॉप त्याच्यावर भरला जात होता.

हशा उसळला. संतराम तेवढा हसला नाही. हळूच म्हणाला, "माझ्या जीपचा काटाबी सात साल फुल्लवर अडकलाय. डिझल मी काडी बुडवून बघतो."

"मग सोताला काडी कवा बुडवणार?" शकुबाई म्हणाली.

सकाळी तो सरकारी दवाखान्यात गेला. थुंकी तपासली, जंतू होतेच. खोकला थांबला होता, रोग थांबला नव्हता. गोळ्या पहिल्यापासून सुरू झाल्या आणि या खेपेला पुऱ्या झाल्या.

मायबापहो, देवाला मनापासून भजा. पण कुणी देवाच्या नावानं आकडा दाखवला, तर तो आला कुठून ते विचारा. विचारल्यानं पांडुरंग रुसत नाही, भोंदू रुसतो.

जाता जाता एकच मागणं. याच महाराजाच्या शब्दावर साखरा गावच्या कोंडीबानंही क्षयाच्या गोळ्या सोडल्या होत्या. त्याच्यापर्यंत आम्ही वेळेत पोचलो नाही, तो गेला. नाम घेताना त्याला एकदा आठवा.