विहारातलं मेण

जानेफळचे किसनराव सायकलवाले म्हणजे तेलाचे भक्त. चाळीस वर्षं कुरकुरणाऱ्या प्रत्येक सायकलला त्यांनी एकच औषध दिलं. गेल्या वर्षी नात सारिका टेकडीच्या शर्यतीला निघाली, तेव्हाही त्यांनी चेन तेलानं अशी चोपडली की थेंब गळत होते. कच्च्या रस्त्याची सगळी धूळ त्या तेलाला चिकटली. सगळ्यांच्या पुढे असलेली पोर शेवटच्या चढावर चेन अडकून सायकलवरून उतरली. ती आजोबांना एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच म्हाताऱ्याला जास्त झोंबलं.

यंदा तिची शेवटची संधी होती, पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. पहिल्या तिघींत आली तरच राज्याच्या शर्यतीला जाणार.

"आबा, यंदा चेनीले मेण लावू."

"मेण? येडी झाली काय वं?"

"तेल धुळीले धरून ठेवते. मेण सुकते. मंग धूळ कायले चिकटन?"

मेण दिलं विहार झाडणाऱ्या बेबीताईंनी. पौर्णिमेच्या वंदनेनंतर उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे त्या डब्यात जपून ठेवत. "बुद्धापुढं जळल्या, आता पोरीच्या कामी येऊ द्या," त्या म्हणाल्या.

चेन पेट्रोलनं तीनदा धुऊन उन्हात वाळवली आणि वितळलेल्या मेणात सोडली. कडीकडीतून बुडबुडे वर येऊ लागले. आयुष्यभर हाताळलेल्या चेनीच्या पोटात एवढी जागा! बुडबुडे थांबेपर्यंत किसनराव उकिडवे बसून बघत राहिले.

तरी शर्यतीच्या सकाळी त्यांचा हात तेलाच्या बुधलीकडे गेलाच. थेंब तोंडाशी लोंबकळला. समोर सारिका उभी, गेल्या वर्षीसारखीच गप्प. त्यांनी बुधली मागे घेतली खरी, पण मनात आलंच. पोरीचं नुकसान पुन्हा आपल्याच हातून झालं तर?

शेवटच्या चढावर ते वाट बघत थांबले. धुरळ्यातून दोघी करकरत, खडखडत वर गेल्या. मग नुसता खड्यांवरून फिरणाऱ्या चाकांचा आवाज आला. चेनीचा आवाजच नव्हता! सारिका पुढून निघून गेली आणि किसनराव ओरडायचंही विसरले. ती तिसरी आली.

ते धापा टाकत तिच्याजवळ पोचले आणि आधी चेनीला हात लावला. कोरडी धूळ होती, ती फुंकरीनं उडाली. सवयीनं बोटं धोतराला पुसली, मग डोळ्यांसमोर धरली. एकही डाग नव्हता. लहानपणापासून सारिका त्यांच्या तेलानं काळ्या हातांना "आबा, हात!" म्हणत चुकवायची.

किसनरावांनी तोच हात सरळ तिच्या गालावर ठेवला. तिनं तोंड फिरवलं नाही.