वीज कचेरीच्या पायऱ्यांशी

“मावशी, जरा हलकं व्हा ना! कंबर गेली माझी,” वीज कचेरीतला शिपाई माझ्या हातावर वाकून पुटपुटला.

“मी कुठली जड? ही खुर्चीच जड आहे,” मावशी म्हणाल्या. घ्या, आळ माझ्यावर!

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. कारखान्यात माझे पाइप वाकवले, चाकांत तारा ओवल्या आणि पाठीवर ठळक अक्षरं रंगवली: ‘वीज कंपनीकडून, सामाजिक बांधिलकी म्हणून सप्रेम भेट’. मावशी पुढे जायच्या आणि मागचे लोक कंपनीचं नाव वाचायचे.

मावशी शिवणकाम करत. पाय गेले, तशी पायाची मशीन मुकी झाली. विजेवरची आणली, तर शिवणाच्या गाळ्यात वीज नाही. नव्या जोडणीसाठी कचेरीत साहेबांसमोर स्वतः सही करायची होती. आणि कचेरीला चार उंच पायऱ्या.

पहिल्या खेपेला आम्हा दोघींना उचलताना रखवालदाराचा हात निसटला. पडलो नाही, पण अख्खी रांग वळून बघत राहिली. “खाली ठेवा मला,” मावशी एवढंच म्हणाल्या. पुढे प्रत्येक वेळी आम्ही खालीच थांबायचो. सून आत जाऊन यायची. कारकून सांगे, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सून म्हणे, “ऊन फार आहे, आई. पुन्हा येऊ.” शिपाई स्वतःच्या कंबरेला दोष देई. पायऱ्यांचं नाव कोणी काढत नसे. मला मात्र चैन पडेना. कचेरीतलं मांजर टुणकन वर जाई आणि मी, चाकांची असून, जागच्या जागी मागेपुढे!

परवा रंगारी आला. कंपनीला समाजसेवेच्या पुरस्काराची ढाल मिळाली होती, समारंभात आम्ही हव्या होतो. त्याने माझी अक्षरं नव्याने रंगवली. “ब्रेक ढिला आहे हो,” मावशी म्हणाल्या. “ते माझ्याकडे नाही,” म्हणत त्याने ब्रश धुतला.

मित्रांनो, आमच्या चाकांना तेल द्या, ब्रेक आवळा. पण आम्हाला जिथे जायचं, ती वाटही एकदा बघा.

आज मावशींनी मन घट्ट करून स्वतःला उचलू दिलं; शिपाई कंबरेवरून पुटपुटला तो याच वेळी. साहेब नक्की भेटणार होते ना! कचेरीच्या सभागृहात साहेबांनी ध्वनिक्षेपक पुढे केला.

“सांगा आजी, या खुर्चीने आयुष्य कसं बदललं?”

“आजी कुणाची? पन्नाशीची आहे मी.”

हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. त्यांचा हात माझ्या चाकावर घट्ट होता. सुनेने मान खाली घातली.

“खुर्ची चांगली आहे, साहेब. बाजारात जाते, दवाखान्यात जाते. फक्त तुमच्या कचेरीत उचलल्याशिवाय येत नाही. दारात पायऱ्या आहेत. म्हणून माझी सही राहिली, म्हणून माझा गाळा अंधारात आहे.”