चाळीस सहभागी

"विद्यापीठात शिकतेस तरी काय गं?" टॅनर्स हार्बरमध्ये ब्रायोनीला हा प्रश्न दिवसाआड ऐकावा लागायचा.

"पर्यटन आणि करमणुकीचं व्यवस्थापन."

"म्हणजे?"

"लोकांना मजा कशी करायला लावायची ते."

मग समोरचा पोट धरधरून हसायचा. त्यासाठी चार वर्षं पुस्तकं घासायची? पण शेवटची परीक्षा खरोखर तीच होती. एका गावात कार्यक्रम घ्यायचा आणि निदान चाळीस सहभागी जमवायचे. एकोणचाळीस आले तरी नापास. म्हणजे पदवी गेली वर्षभर पुढे!

व्हँकुव्हर बेटावरचं हे चिमुकलं बंदर ब्रायोनीने हट्टाने निवडलं होतं. दोन वर्षं ती इथेच भाड्याने राहत होती आणि गावावर तिचा फार जीव होता. मे महिन्यात इथे मोठी ओहोटी येते, अडीच तास किनारा लांबवर मोकळा पडतो. तेवढ्या वेळात गमबूट फेकायचे, खेकड्यांचे पिंजरे ओढत शर्यत लावायची आणि वर शिंपल्यांचं गरम सूप. बेत झकासच होता! 'या, मजा करा!' अशा रंगीत पाट्या तिने गावभर लावल्या.

तीन आठवड्यांत दोन नावं आली. त्यातलं एक डॉटच्या कुत्र्याचं निघालं.

डॉट म्हणजे धक्क्यावर गळ आणि आमिष विकणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, जिभेने तिखट. ब्रायोनी रडवेल्या तोंडाने तिच्या दुकानात शिरली.

"डॉट, अहो येत का नाही कुणी?"

"मजा करायला कोण येणार, बाई? लोक म्हणतील, यांना कामधंदा नाही. तो विल्फ बघ. जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरचं काम सोडून आठ वर्षं झाली, तरी पहाटे पाचला उठून होडी घासतो. त्याला मजा करायला बोलावशील तर हाकलून देईल. मदत माग, मदत! मग बघ."

ब्रायोनीने त्याच दिवशी पाट्या बदलल्या. 'माणसं कमी पडताहेत. मदत हवी.' दोन दिवसांत त्रेपन्न नावं! तिच्या जिवात जीव आला. मदतीला पन्नास आले तर खेळायला शंभर येतील, असं तिने धरून टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी त्रेपन्नच्या त्रेपन्न जण वेळेआधी हजर. तिने प्रत्येकाला स्वयंसेवकाचं केशरी जाकीट दिलं. परीक्षक म्हणून प्राध्यापक ऑर्टन आले, चष्मा पुसला आणि किनाऱ्यावर नजर फिरवली.

"सहभागी कुठे आहेत?"

ब्रायोनीने पाहिलं. जिकडेतिकडे केशरी. अख्खं गाव मदतीला आलं होतं, खेळायला मागे उरलं होतं कोण?

"स्वयंसेवक मोजायचे नाहीत, हा नियम वाचला होतास ना?"

"वाचला होता, सर," ती कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात विल्फने बूट फेकला. "अंतर बरोबर आखलंय का ते तपासतोय," त्याने उगाचच सगळ्यांना सांगितलं. "हे काय फेकणं झालं?" म्हणत डॉटने दुसरा फेकला, तो थेट सुपाच्या पातेल्याशेजारी पडला. मग काय विचारता! पिंजऱ्यांची शर्यत तर चारदा 'तपासून' झाली. चिखलात लोळलेला विल्फ ओरडत होता, "खेळत नाहीये मी! चाचणी चाललीय!" ऑर्टनच्या हातात डॉटने दोर कोंबला, "रिकामे काय उभे राहिलात?" आणि बघता बघता तेही गुडघाभर चिखलात.

ब्रायोनी इतकी हसली की आपण नापास होतोय हेच विसरली.

पाणी परत चढू लागलं तसे ऑर्टन कागद घेऊन आले. "किती सहभागी लिहू?"

खोटं बोलणं तिला जमलं नाही. "शून्य, सर. पण मला अजिबात वाईट वाटत नाहीये. असा दिवस माझ्या हातून झाला, मला फार आनंद झालाय." आणि डोळे मात्र भरून आले.

"शून्य?" डॉट कडाडली. "पोरगी नापास होतेय म्हणे रे! आपण मदतीला आलो म्हणून!"

माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. मग विल्फने चिखलाने माखलेलं जाकीट ओढून काढलं, वाळूत टाकलं आणि तरातरा ऑर्टनसमोर येऊन उभा राहिला. मागोमाग जाकिटांचा ढीग झाला आणि रांग लागली.

"विल्फ्रेड पॅकार्ड. लिहा."

"कशासाठी आलात?"

विल्फ काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

विल्फचे कान लालबुंद झाले. गाव बघत होतं. त्याने एकदा ब्रायोनीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मजा करायला आलो होतो!"