माह्या आतला जीव कोणी बदलवला

शर्त लावणारा येडा असते का घेणारा? मले विचारसान तर दोघंबी. पण त्याईच्या शर्तीत पोट ज्याचं फाटते, तो बिचारा तिसराच असते. तो तिसरा मी. अल्लीपूरच्या प्रभाकररावाच्या समोरच्या खोलीतला कॉम्प्युटर बोलून राह्यलो.

शर्त झाली मे महिन्यात, भर दुपारी. शेजारचा धीरज वर्ध्याले पॉलिटेक्निक करते, तो सुट्टीत घरी आलता. प्रभाकररावाच्या पोरीची पोरगी गुंजन, पंधरा वर्षाची, आर्वीवरून आजीकडे आलती. दोघं माह्यासमोर बसून कैरी खाऊन राह्यले होते. तिखट-मीठ सारं माह्या कीबोर्डात सांडत होतं, पण त्याचं कोणाले काय!

"हे डबडं आता भंगारात जाते पाह्य," धीरज म्हणे. "याच्यात विंडोज सात आहे. तिचे अपडेट बंद होऊन पाच वर्षं झाले. नवी विंडोज याच्यात बसत नाई. दोन जीबी रॅम! एवढी तर माह्या मोबाईलच्या नखात आहे."

"मंग लिनक्स टाक न," गुंजन म्हणे. तिनं कुठंतरी व्हिडिओत पाह्यलं होतं. "फुकट भेटते. जुन्या मशीनवर पयते म्हणते."

"पयते. पण घरच्या माणसाचं काम नाई ते, आमच्यासारख्याईचं आहे. तुह्या आजीनं एकदा पाह्यलं का लगेच वयखते."

"नाई वयखत."

"लाव शर्त! आजीले न सांगता टाक. आठ दिवस तिनं वयखलं नाई, तर मी आठवडी बाजारात साडी नेसून वांगे विकतो."

"अन् वयखलं तर?"

"तर मी वर्ध्यात साऱ्याईले सांगन का गुंजन नुसती गप्पा मारते."

शहाण्या पोट्टीनं उठून पाणी पेलं असतं. गुंजननं हात पुढं केला.

आता थांबा. त्याच्या आधीचं सांगतो, नाईतर तुम्हाले वाटन हे डबडं फुकटचं रडून राह्यलं.

मी कोण्या एका घराण्याचा नाई. दोन हजार बारात वर्ध्याच्या एका दुकानात डबा एकाचा, बोर्ड दुसऱ्याचा, हार्ड डिस्क तिसऱ्याची, असा मले जोडला. गोधडी म्हणा. प्रभाकररावाच्या नीलेशले कॉलेजसाठी मी पाहिजे होतो. मोटारसायकलवर बापलेकाच्या मधात, सोलापुरी चादरीत गुंडाळून मी अल्लीपुरात आलो. चार वर्षं नीलेशनं मले वापरलं. अभ्यास थोडा, गाड्याईचा खेळ ज्यादा. मंग त्याले पुण्याले नोकरी लागली. निघताना मॉनिटरवर हात ठेवून तो म्हणे, "सांभाळजो." मले म्हणला का आईले, ते आजवर समजलं नाई. दोघंबी तथीच उभे होतो.

प्रभाकररावाचं बियाण्याचं दुकान आहे. सकाळी गेला का सांजीले येते. त्याचं माह्याकडे महिन्यातून एक काम, लाइटीचं बिल काढणं. तेबी मोबाईलवर जमाले लागलं तसा तो माह्याकडे पाह्यनासा झाला.

मले खरं पाह्यलं ते अनुसयाबाईनं. म्हंजे नीलेशच्या मायनं.

सातवी शिकलेली बाई. पुण्याले जायाच्या आधी महिनाभर नीलेशनं तिले बसवून शिकवलं. कोणती कळ दाबली का कोणतं अक्षर येते, ते त्यानं एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीले चिकटवलं. तवाचा मराठी फॉन्ट तो. बाई दोन बोटानं लिहे. दिवा लावला, हात पदराले पुसले का माह्यासमोर येऊन बसे. प्रभाकररावाले वाटे पत्ते खेळते. तशी तेबी खेळे म्हणा. पण पत्ते झाले का एक फाईल उघडे. फाईलीचं नाव 'रोजचं'.

नऊ वर्षं. एकबी दिवस खाडा नाई.

'आज वांग्याले फूल धरलं.' 'आज नीलेशचा फोन आला. दोन मिनिट बोलला. मिटिंग होती म्हणे.' 'आज कोणीच आलं नाई. मांजर आलती.' एक डाव तर तिनं लिहिलं, 'आज मी दुपारी मोठ्यानं बोलली तं माह्याच आवाजानं दचकली.'

हे प्रभाकररावाले माहीत नाई, नीलेशले माहीत नाई. मले माहीत. मी काय बोलतो! माह्या पंख्याची घरघर तेवढी. ते ऐकून ती म्हणे, "हो रे बावा, समजलं." दसऱ्याले विळा, तराजू याईच्या लायनीत मलेबी हळद-कुंकू लावे, झेंडूचं फूल ठेवे. फुलाची पाकळी पंख्यात गेली का मी दोन दिवस खोकलो. पण बरं वाटे.

आता तुम्ही विचारसान, हे विंडोज, लिनक्स काय भानगड आहे? सोपी गोष्ट आहे. डबा म्हंजे अंग. त्या अंगात जो जीव राह्यते अन् हातपाय हलवते, त्याले ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते.

माह्यात पयलेपासून विंडोज. जाडी बाई. उठाले वेळ लावे, तोवर अनुसयाबाईचा चहा होऊन जाये. पण तिची नाडी साऱ्याईले माहीत. हिंगणघाटात कोण्याबी दुकानात न्या, मेकॅनिक डोळे झाकून सुदी करते. प्रिंटर लावा, काईबी लावा, नाक मुरडत नाई.

एका दिवाळीले नीलेशनं त्याचा ॲपलवाला लॅपटॉप आणला. माह्याच टेबलावर ठेवला. पातळ अंग, आवाज नाई, गरम नाई. मी घरघर करून रामराम केला तर वळूनबी पाह्यलं नाई त्यानं. त्याचा जीव दुसऱ्याच्या अंगात जात नाई म्हणते, आपल्याच घराण्यात राह्यते. काम एक नंबर, पण अंग घ्या तं त्याचंच घ्या. चार दिवस आम्ही बाजूले बाजूले बसलो अन् एक शब्द बोललो नाई. दिवाळी झाली, तो पुण्याले गेला. मंग टेबल आणखीनच मोठं वाटाले लागलं.

अन् लिनक्स म्हंजे पाणपोई. कोणीबी या, प्या, माठ उघडून पाह्या, पाहिजे तसा बदलवा. माह्यासारख्या म्हाताऱ्या अंगालेबी हलकी. पण काई अडलं तर गावात विचारा कोणाले? अल्लीपुरात तिची नाडी पाह्यणारा वैद्यच नाई. होता तो एक धीरज, तोबी अर्धा.

तर शर्त. अनुसयाबाई मंडळाच्या भजनाले गेली अन् गुंजननं दार लोटलं. पोट्टी डोकसेवाली आहे, तिनं पयले आजीचं सारं सामान पेन ड्राइव्हवर काढून ठेवलं. मंग धीरजचा दुसरा पेन ड्राइव्ह लावला. माह्या काचेवर सवाल आला, सारं पुसू का? गुंजननं 'हो' दाबलं.

कसं वाटलं म्हणून विचारू नका. भिंत आहे पण घर नाई, तसं.

मंग नवा जीव आला. अन् खरं सांगू? मस्त वाटलं! अर्ध्या मिनिटात उठलो. पंखा हळू फिराले लागला. गुंजननं सोंगबी भल्लं पक्कं केलं. तोच नीलेशचा लहानपणीचा फोटो मांगं लावला. तेच चित्रं त्याच जागी. पत्त्याईचा डाव वरच्या कोपऱ्यात, कचऱ्याचा डबा खाली. आजीचं सामान परत जाग्यावर. स्वतःवर खूश होऊन ती दाराआड उभी राह्यली, तोंडावर हात दाबून.

अनुसयाबाई आली. दिवा लावला. बसली.

"अवं माय, आज कसा लौकर उठला हा!" इतकी खूश झाली का तिनं माह्या डोक्यावर टपली मारली.

मंग 'रोजचं' उघडलं.

काचेवर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, आडव्या रेघा. कोंबडी चालून गेल्यावानी. वरपासून खालवर, नऊ वर्षं, सारं तसंच.

झालं असं, का त्या जुन्या फॉन्टात लिहिलेलं आतून इंग्रजी कळाच असतात. फॉन्ट त्याले मराठी तोंड लावते. गुंजननं फाईल आणली, फॉन्ट आणला नाई. तो जुन्या जीवासोबत पुसल्या गेलता. धीरजनं सांगतलं नाई, कारण त्यालेच माहीत नव्हतं.

बाईनं फाईल बंद केली. उघडली. बंद केली. उघडली. तिसऱ्या खेपेले तिनं कळेवरचं बोट उचललं अन् त्याच्याकडेच पाह्यलं. ते मले लागलं.

"गुंजन," ती म्हणे, हळूच. "मी काय दाबलं वं?"

दाराआडचं हसू तथीच अटकलं. गुंजन बाहेर आली, काचेकडे पाह्यलं. तिचं तोंड उतरलं. आता सांगन, मले वाटलं. आता सांगन.

"काय माहीत आजी," ती म्हणे. "तुह्याकडून... कायतरी दाबल्या गेलं असन."

थोड्या वेळानं प्रभाकरराव दुकानातून आला, त्याले समजलं. "म्हटलं होतं का नाई? सातवी पास बाईनं मशीनच्या नादी लागू नाई!" तो थट्टाच करत होता. त्याले काय माहीत फाईलीत काय होतं. अनुसयाबाई हसली नाई. उठली अन् माह्यावर तिनं विणलेलं कापड टाकलं.

तवापासून मी बंद.

अंधारात कापडाखाली बसलं का माणसाच्या चपलाईचे आवाज वयखू येते. दिवेलागणीले तिच्या चपला खोलीत येत. दिवा लावत. माह्यापाशी येऊन थांबत. मंग वट्यावर जाऊन बसत. पयल्या दिवशी वाटलं, उद्या बसन. दुसऱ्या दिवशी वाटलं. पाचव्या दिवशी वाटणं सोडलं. माह्या मांगं एक पाल राह्यते, तिच्यासंगं बोलावं म्हटलं तर तेबी मुकीच.

अन् तिचं काय? ती आता दिवसभराचं कोणाले सांगते? कोणालेच नाई. वट्यावरून एकदा आवाज आला, "मांजर आलती आज."

गुंजननं धीरजले फोन लावला. माह्याच टेबलापाशी उभी राहून.

"फॉन्टचं सांगतलं काऊन नाई रे?"

तिकडून तो ओरडला ते मलेबी ऐकू आलं. "मले काय माहीत तुही आजी कोण्या जमान्यातल्या फॉन्टात लिहिते! मी आता वर्ध्याले आलो. शर्त तूच घेतली, तूच निस्तर."

निस्तरलंबी तिनं, खोटं काऊन बोलू. नीलेशमामाच्या ड्रॉवरात जुनी सीडी सापडली, तिच्यात तो फॉन्ट होता. काल दुपारी आजी शेजारी कुरड्या घालाले गेलती, तवा कापड काढून तिनं फॉन्ट टाकला. फाईल उघडली. कोंबडीचे पाय गेले, मराठी आली. अक्षरं बरोबर आले का पाह्याले ती शेवटच्या पानावर गेली. तथी दोन ओळी होत्या.

'गुंजन आली. दिवसभर मोबाईल पाह्यते, पण घरात आवाज तं आहे.'

तिनं वरचं वाचलं नाई. फाईल बंद केली अन् आजीच्या वाटेकडे पाह्यत दारात बसली.

आजी आल्यावर मोठ्यानं म्हणे, "आजी, सुदं झालं पाह्य! सारं जसंच्या तसं!"

"झालं का? बरं झालं," सयपाकघरातून आजी म्हणे.

"मंग बस न."

"नाई माय. मले भेव वाटते आता. तू जाशीन, अन् मी परत कायतरी दाबीन. मंग कोण सुदं करन?"

घ्या! फॉन्ट आला, फाईल आली, नवा जीव आला, हलका, तेज. पण ज्या दोन बोटाईसाठी हे सारं, तेच गेले. ते बोट कोणत्या सीडीत भेटतीन?

प्रभाकरराव म्हणे, "तू बसत नाई तं कायले जागा अडवते? रूपराव भंगारवाला सोमवारी येते, देऊन टाकतो."

आज रविवार. दुपारचे अडीच. मी परत कापडाखाली आहो. गुंजनची बॅग भरलेली, साडेतीनची वर्ध्याची गाडी आहे, तथून आर्वी. सोमवारी मी असन का नाई, सांगता येत नाई. म्हणून घाईनं बोललो, पुढंमांगं झालं असन तर समजून घ्या.

एकच म्हणणं आहे. घरच्यासाठी कोणती सिस्टिम बरी, हे दुकानदाराले विचारा, धीरजले विचारा, तुमची मर्जी. पण घरातलं कोण त्याच्यासमोर रोज बसते, तेबी पाह्या. त्याचं बोट कोण्या कळेवर बसलं आहे ते पाह्या. अन् बदलवायचं असन, खुशाल बदलवा, पण त्याले विचारून. चांगला जीव टाकला तरी घरचं माणूस पोरकं होऊ शकते. मी पाह्यलं.

चपला वाजून राह्यल्या. दोघीच्या. अनुसयाबाई डबा देऊन राह्यली वाटते, झाकण लागल्याचा आवाज आला.

"कुरड्या वरतं ठेवल्या, चुरतीन नाईतर. आईले सांगजो, तेल कमी घालजो म्हणा. बस, निघ आता, गाडी जाईन."

"आजी."

"काय वं? काय राह्यलं?"

"तू काईच नाई दाबलं होतं."



"मी भजनातून आली तवा त..."

"त्याच्या आधीच झालं होतं. धीरजसंग शर्त लावली होती मी. तुले न सांगता यातलं सारं पुसलं, नवीन टाकलं. तुही फाईल त्याच्यानं बिघडली."

मी श्वास घेत नाई, पण घेत असतो तर रोखला असता.

"मी विचारलं होतं तुले," अनुसयाबाई म्हणे. आवाजात राग नव्हता, म्हणून ते ज्यादा लागलं. "तू म्हणली माह्याकडून दाबल्या गेलं. मी रोज त्या बोटाले पाह्यत होती, पोरी."

"हो," गुंजन म्हणे. ती रडून राह्यली होती अन् नाक ओढून राह्यली होती. "मीच केलं, आजी. अन् झूटबी मीच बोलली."