सरूबाईंची जांभळाची पूड

झाडपाल्यानं गुण आला तर आला, अपाय मात्र होत नाही, ही समजूत आपल्याकडं घराघरांत आहे. सरूबाईंचीही होती. त्यांच्या मायेबद्दल मात्र कुणी शंका घेऊ नये.

त्यांचे यजमान बद्रीनाथ एसटीत ड्रायव्हर. रोज संभाजीनगरहून निघून कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव गाठायचं. साखरेचा आजार निघाल्यापासून डॉक्टर शमशाद यांच्या गोळ्या चालू होत्या आणि जोडीला सरूबाईंची जांभळाच्या बियांची पूड. अशात एसटीतल्या ड्रायव्हरांची वर्षाची तपासणी तोंडावर आली. साखर जास्त निघाली तर हातातलं स्टिअरिंग जाणार, या धास्तीनं सरूबाईंनी माहेरची रीत काढली. शहागंजच्या बाजारातून आणलेल्या बियांची पूड कारल्याच्या रसात खलायची, वाळवायची, पुन्हा रसात खलायची. वैद्यकी करणारे त्यांचे वडील याला भावना देणं म्हणत आणि तशी पूड चिमूटभरच देत. सरूबाईंना रीत आठवली, चिमूट मात्र त्या विसरल्या. त्या नेहमीसारखी चमचाभर देत राहिल्या.

एका सकाळी भरलेली गाडी सुटण्याआधीच बद्रीनाथ स्टँडवर घामानं डबडबले आणि मटकन खाली बसले. कंडक्टरनं साखरेचं पाणी पाजून त्यांना दवाखान्यात नेलं.

साखर एवढी उतरली कशानं, हे डॉक्टरांना कळेना. बद्रीनाथांनी बायकोकडं बघितलं. शेवटी सरूबाईंनीच रडत सगळं सांगितलं.

"तुमी रागवाल म्हनून बोलले नाय. झाडाचंच हाय, त्यानं काय हुतंय, असं वाटलं."

डॉक्टर शमशाद रागावल्या नाहीत. "मीही कधी विचारलं नाही, तेही चुकलंच. पण सरूबाई, झाडाचं असलं तरी ते औषधच ना? रस मुरवून घोटला की त्याच पुडीचा जोर बदलतो. अंगाला किती लागेल, केव्हा लागेल, याचा नेम राहत नाही. वर माझी गोळी. आपण दोघी यांची साखर खाली ओढत होतो, एकमेकींना न सांगता."

सरूबाईंचे डोळे पुसायचे राहिले. "बाई, गाडी घाटात असती तर!"



दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ स्वतःच डेपोत गेले आणि साखर ताळ्यावर येईपर्यंत गाडीऐवजी दुसरं काम मागून घेतलं. सरूबाईंना ज्याची एवढी धास्ती होती, ते बद्रीनाथांनी आपणहून केलं. सरूबाई शेजारच्या दगडाबाईंकडं गेल्या. त्यांनाही पूड दिलेली होती. "डॉक्टरला दाखवल्याबिगर तोंडात घालू नका," म्हणाल्या. पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पिशवीत त्यांनी पुडीची बरणीही ठेवली.

मंडळी, औषध झाडाचं असो की कारखान्याचं, जातं एकाच पोटात. वैद्याचं डॉक्टरला सांगा, डॉक्टरचं वैद्याला सांगा. आपल्या माणसाचा जीव दोघांपेक्षा मोठा आहे.